मंडळानं एकदम पाच बाहेरचे खेळाडू घेतले, आता सात कसे बसवायचे?

पैनगंगाकाठ
राम राम मंडळी. आमचं गाव उमरखेड तालुक्यात. गावच्या मंडळानं यंदाच्या खुल्या कबड्डीसाठी एका दमात पाच बाहेरचे गडी घेतले. दोन चढाईवाले नागपूरकडचे, एक नांदेडकडचा, शिवाय एक उजवा कव्हर (उजव्या कोपऱ्याला साथ देणारा पकडीचा गडी) आणि एक अष्टपैलू. आधी फार तर एखादा पाहुणा खेळाडू यायचा, तोही उपांत्य फेरीपुरता. यंदा सोयाबीन निघाल्यावर वर्गणी चांगली जमली, एका दुकानदारानं जर्सी आणि प्रवासाचा खर्च उचलला, म्हणून मंडळानं हात मोकळा सोडला.

गावात मात्र दोन तट पडले. यादी ग्रुपवर पडल्यापासून पोट्टे नुसत्या फायनलच्या गोष्टी करून राहिले. जुने खेळाडू म्हणतात, गावचे चार जण बाकावर बसले तर मंडळ गावचं कसं म्हणायचं? दोघांचंही खरं वाटतं. डावा कोपरा, डावा कव्हर आणि उजवा कोपरा हे गावचेच तिघे, अनेक हंगाम सोबत खेळलेले. त्यांना हलवू नये असं माझं मत आहे, पण नवे पाच आले की कोणीतरी हलणारच.

जाणकारांनी सांगावं: हे सात बसवायचे कसे? नवे सगळे मॅटवर खेळणारे आहेत, आपल्याकडे सगळे सामने काळ्या मातीवर, हॅलोजनखाली. आणि पत्रकात 'जिल्ह्याबाहेरील ३ खेळाडू' असं छापलं आहे, त्याचा नेमका अर्थ काय धरायचा?

वऱ्हाडी_दम
अभिनंदन भाऊ! लय दिवसानं आपल्या इकडच्या मंडळानं असा दम दाखवला. जुन्यायचं म्हणणं मी समजतो, पण खुल्या गटात आता समोरचे संघ बी बाहेरचेच गडी आणून राहिले. आपण साधे राहून फक्त प्रवेश फी भरून घरी यायचं का? एका रातीत तीन-तीन सामने होतात. एकच चढाईवाला असला तर दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात त्याचे पाय उचलत नाहीत. तीन असले तर आलटून पालटून धाडता येतात, कोणी दमत नाही. अन् गावचे पोट्टे सरावात रोज असल्या चढाईवाल्यायले धरतील तेव्हाच त्यायची पकड सुधरन. मंडळानं बरोबर केलं, मागे हटू नका.

जुना_कोपरा
खेळाडू आणले त्याला माझा विरोध नाही. ज्या जागांसाठी आणले, त्यांवर बोलतो. पाचात तीन चढाईवाले घेतले म्हणजे पैसा फलकाकडे पाहून खर्च झाला. सामना फलकावर दिसतो चढाईत, पण हरतो पकडीत.

हिशेब असा. मैदानावर सात: दोन कोपरे, दोन कव्हर, दोन इन आणि एक मध्य. कोपरे आणि कव्हर हे चौघे पकडीचे, उरलेल्या तीन जागी साधारणपणे चढाईवाले उभे राहतात. म्हणजे तीन चढाईवाले बसतात, त्यात अडचण नाही. अडचण ते बचावाला उभे राहिले की सुरू होते. इनची जागा कोपऱ्याच्या शेजारची. कोपरा आणि इन यांची हाताची साखळी असते. चढाईवाला आत आला की दोघांनी एकाच वेळी सरकायचं, एकाच वेळी थांबायचं. नवा चढाईवाला इनला उभा राहिला आणि त्याचं लक्ष आपल्या पुढच्या चढाईत असलं, की तो हात अर्धा क्षण आधी सोडतो. कोपरा एकटा पडतो. समोरच्याला हे दोन चढायांत कळतं, मग तो सामनाभर तिथंच येतो.

कोपऱ्याची घोटापकड बघा. चढाईवाल्यानं पाय लांब टाकला, वजन त्या पायावर आलं, त्याच क्षणी कोपरा खाली जातो आणि दोन्ही हातांनी घोटा आवळतो. इथवरचं काम एकट्याचं. पण धडधाकट गडी एका पायावर दीड-दोन पावलं सहज ओढून नेतो, आणि मध्यरेषेला नुसतं बोट टेकलं तरी पुरतं. म्हणून कव्हरनं त्याच दमात छाती त्याच्या मांडी-कमरेला लावून त्याला मध्यरेषेपासून आडवा, बाजूच्या रेषेकडे ढकलायचा असतो. कव्हर ताठ उभा राहून वरून खांदे धरायला गेला तर चढाईवाला त्याच्या हाताखालून निसटतो, आणि कोपरा, कव्हर दोघेही बाद. एक गुण मिळायचा तिथं दोन जातात. ही जोडी नुसत्या ओळखीनं होत नाही, कोपरा कधी खाली जाणार हे कव्हरला त्याच्या खांद्यावरून कळावं लागतं.

तुमची डावी बाजू, म्हणजे कोपरा आणि कव्हर, गावचीच आहे. तिला हात लावू नका, अध्यक्षांनी सांगितलं तरी. बहुतेक चढाईवाले उजव्या बाजूचे असतात, त्यांची उजवी म्हणजे आपल्या बचावाची डावी. सगळ्यात जास्त मार डाव्या कोपऱ्यावर येतो, तिथं जुनी जोडीच हवी. नवा उजवा कव्हर उजवीकडे जाईल, त्याची आणि गावच्या उजव्या कोपऱ्याची जोडी मात्र मुद्दाम बसवावी लागेल.

सरावाची पद्धत: पूर्ण सात-सात खेळवू नका, त्यात कोणाचं कुठं चुकलं ते दिसत नाही. फक्त उजवा कोपरा, उजवा इन आणि उजवा कव्हर असे तिघे उभे करा, समोर एक चढाईवाला. आधी चालण्याच्या वेगात १० चढाया, कोण कधी सरकतो तेवढंच बघायचं. मग पूर्ण वेगात २०, प्रत्येक ३० सेकंदांची. शेवटी तेच तिघे, पण चढाईवाल्यानं फक्त बोनसला (मागच्या बोनसरेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या गुणाला) जायचं, कारण बोनसला आलेला पाय धरायचा की सोडायचा यावरच नव्या-जुन्यांची गफलत होते. इनला कोण उभा राहणार हे आधी ठरवा आणि सरावातही त्यालाच उभा करा. सरावाला एक आणि सामन्याला दुसरा, असं केलं तर सगळा घाम वाया.

पलटणवाला_अकोला
प्रो कबड्डी पाहणाऱ्यांसाठी हे नवं नाही. १०व्या हंगामात चढाईवाल्या पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६०.५ लाखांना घेतलं, तोवरची सर्वांत मोठी बोली. पवननं आपलं काम चोख केलं, चढाईचे दोनशेवर गुण काढले. तरी संघ २२ सामन्यांत फक्त २ जिंकला आणि तळाला राहिला.

त्याच लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख लावले. रक्कम तीही प्रचंडच, पण गेली डाव्या कोपऱ्यावर. गौरव खत्री, अबिनेश नटराजन, संकेत सावंत ही पकडीची फळी आधीच तयार होती, चढाईला असलम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. शादलुई आला तो भरलेल्या घरातली एकच रिकामी जागा घ्यायला. त्यानं पकडीचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ ला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या हंगामात हाच शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा पहिल्यांदा विजेता झाला.

आणखी एक उदाहरण, जे गावच्या जुन्या खेळाडूंना नक्की वाचून दाखवा. ९व्या हंगामात तमिळ थलायवाजनं पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, हंगाम संपला. त्याच्याविना नरेंदर कंडोला, अजिंक्य पवार, सागर राठी, साहिल गुलिया या पोरांनी संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. तिथवर थलायवाज तोपर्यंत कधीच गेले नव्हते. बाहेरचा मोठा खेळाडू घ्या, पण तो नसला तर सात कोण, हे घेतानाच ठरलेलं असू द्या.

वऱ्हाडी_दम
पलटणवाले भाऊ, गोष्ट पटली. पण प्रो कबड्डीत महिनोन्‌महिने सराव असते. इकडं पोट्टे दिवसभर कापूस वेचणीले, संध्याकाळी दोन तास भेटले तर भेटले. इतक्यात जोड बसत नाही, म्हणून चढाईवर जोर देणं काही चूक नाही. गुण त यीनच.

जुना_कोपरा
गुण येतील, पण गडी उठणार कसे ते बघा. आपला मुख्य चढाईवाला बाद झाला की तो बाहेर बसतो, आणि बाद झालेले ज्या क्रमानं गेले त्याच क्रमानं परत येतात. त्याला उठवायला संघानं गुण मिळवायला हवा, तोही गडी टिपून किंवा पकड करून. बोनसच्या गुणानं कोणी उठत नाही. गावच्या सामन्यात हे रोज दिसतं: मुख्य गडी बाहेर, दुसरा चढाईवाला बोनस घेऊन येतो, लोक टाळ्या वाजवतात, फलकावर एक वाढतो, पण मुख्य गडी तिथंच बसलेला. मैदानावर चार उरले, मग दोन, मग लोण, म्हणजे सगळा संघ बाद. समोरच्याला वरचे २ गुण मिळतात. तीन चढाईवाले असून पकड नसेल तर तिघेही एकामागून एक बाहेर बसलेले दिसतील. संध्याकाळचे दोनच तास असतील तर त्यातला दीड तास पकडीला द्या. चढाईवाले तयार होऊनच आलेत, त्यांना शिकवायचं फार काही नाही.

बाकी एक विचारतो: तिघे चढाईवाले कोणत्या बाजूचे?

पंच_वर्धा
नियमाचा भाग मी सांगतो. 'जिल्ह्याबाहेरील ३' हे वाक्य धोक्याचं आहे. काही ठिकाणी याचा अर्थ १२ जणांच्या यादीत तीनच बाहेरचे, काही ठिकाणी मैदानावर एका वेळी तीन. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयोजकांकडून हे आधीच लेखी घ्या, निदान त्यांच्या ग्रुपवर लिहून मागवा आणि तो संदेश जपून ठेवा. तोंडी 'चालते ना बाप्पा' वर जाऊ नका. हरकत सामना संपल्यावर येते, विशेषतः तुम्ही जिंकलात तर. मग जिंकलेला सामना टेबलावर जातो.

यादी पहिल्या सामन्याआधी द्यावी लागते, नंतर नाव बदलत नाही. प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड सोबत हवं, मोबाइलमधला फोटो काही आयोजक मानत नाहीत. पत्ता कोणत्या जिल्ह्याचा तेच पाहिलं जातं. म्हणून नोकरीनिमित्त पुण्याला पत्ता बदललेला गावचाच पोरगा कागदावर बाहेरचा ठरतो, हे आधी तपासा. एका स्पर्धेत एक खेळाडू एकाच संघाकडून. नवे गडी इतर मंडळांनाही शब्द देऊन बसलेले असतात, तेही स्पष्ट विचारून घ्या.

बदली खेळाडूचं: सात मैदानात, पाच राखीव. बदली मध्यंतरात किंवा टाइम आउटमध्ये पंचाच्या परवानगीनं होते. प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन टाइम आउट. बदललेला खेळाडू परत येऊ शकतो. पण बाद होऊन बसलेल्याच्या जागी बदली मिळत नाही. हे फार जणांना ठाऊक नसतं आणि ऐन वेळी पंचाशी वाद घालतात. अव्वल पकडीचा जादा गुण, म्हणजे तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड, आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची निर्णायक चढाई, या दोन गोष्टी त्या स्पर्धेत लागू आहेत का तेही विचारून ठेवा. लागू नसतील तर शेवटच्या पाच मिनिटांतला डावच बदलतो.

एक व्यवहाराचं. बाहेरच्या खेळाडूंशी बोलणी करताना मानधन, प्रवास, जेवण-मुक्काम, बक्षिसातला वाटा आणि दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, ही पाचही गोष्टी एका कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. मानधन स्पर्धेमागे की सामन्यामागे, हेही. पहिल्या फेरीत हरलात तर काय, याचं उत्तर कागदावर नसलं की मंडळात भांडण ठरलेलं.

पैनगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आयोजकांना विचारलं, उत्तर आलं: यादीत कितीही, मैदानावर एका वेळी तीन. लेखी घेतलं आहे. चढाईवाल्यांपैकी नागपूरचे दोघे उजवे, नांदेडचा डावा. आता तिघांचं कोडं पडलं आहे, कारण पाचांपैकी दोघे बाकावर बसणार, आणि पैसे तर पाचांचे ठरलेत.

जुना_कोपरा
डावा आहे हे फार बरं झालं. तिघेही उजवे असते तर समोरच्यानं आपला भक्कम गडी डाव्या कोपऱ्याला लावून तिघांचा एकच उपाय केला असता. नांदेडच्याला कायम सातात ठेवा.

सुरुवात अशी करा. डावा कोपरा आणि डावा कव्हर गावचे. डाव्या इनला गावचा जो चढाईवाला या दोघांसोबत आधीपासून खेळतो तोच. मध्याला नांदेडचा. उजव्या कव्हरला नवा कव्हर. उजव्या इनला नागपूरच्या दोघांपैकी ज्याची पकडीतली साथ बरी, तो. उजवा कोपरा गावचा. झाले तीन बाहेरचे, चार गावचे. तुमच्या जुन्या खेळाडूंचा प्रश्नही यात सुटतो.

दुसरा नागपूरवाला आणि अष्टपैलू राखीव. पण पंचांनी सांगितलं ते ध्यानात ठेवा, बाद होऊन बसलेल्याला बदलता येत नाही. बाहेरच्याला बाहेरचाच बदलायचा असेल तर तो उठून मैदानात येईपर्यंत थांबा, मग टाइम आउट घ्या. म्हणून दोन्ही टाइम आउट सुरुवातीच्या गडबडीत घालवू नका, एक तरी शेवटच्या सात-आठ मिनिटांसाठी राखा. आघाडी असेल तर तेव्हा नागपूरचा चढाईवाला काढून अष्टपैलू आत घ्या आणि उजवी बाजू घट्ट करा. मागे असाल तर दुसरा नागपूरवाला ताज्या पायांनी आत. ज्या रातीत तीन सामने असतील, त्यात दुबळ्या संघाविरुद्ध राखीव दोघांना सुरुवातीपासून खेळवा आणि मुख्य दोघांना बसवा. पाचांचे पैसे तिथं वसूल होतात.

काळीमाती_मैदान
मातीचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो. मॅटवरचा खेळाडू बूट घालून वळायला शिकलेला असतो, बूट धरतो म्हणून तो एका पायावर झटकन दिशा बदलतो. अनवाणी, मातीवर तीच उडी घेतली की पाय सरकतो किंवा मातीत रुततो आणि गुडघा पिळतो. त्यांना निदान चार-पाच संध्याकाळी अनवाणी खेळवा. पहिल्या दिवशी फक्त पळणं, वळणं, हात लावून परत येणं. तळपायाला फोड आले तर सामन्याआधी दोन दिवस विश्रांती, फोड फोडू नका.

सरावाचं मैदान तुमच्या हातात आहे, ते नीट करा. निव्वळ काळी माती वाईट. ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की भेगा पडतात आणि कडा दगडासारख्या होतात. वरची ढेकळं फोडून, दगड-धसकटं वेचून जमीन सपाट करा. नदीकाठची चाळलेली पोयट्याची माती, चांगलं कुजलेलं वाळकं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून थर द्या. शेणखत चाळूनच, त्यात काड्या किंवा काच निघते. मुरूम अजिबात नको, मैदान पक्कं दिसतं पण कोपरा घोट्यासाठी खाली गेला की कोपर-गुडघ्याची साल निघते, आणि साल निघालेला कोपरा पुढच्या वेळी खाली जायला कचरतो. पाणी आदल्या संध्याकाळी शिंपडा, हलकंच, सकाळी वाफसा आला की रोलर किंवा भरलेला ड्रम फिरवा. सराव सुरू करायच्या तोंडावर पाणी मारलं तर वरचा पातळ थर निसरडा होतो, आणि सगळ्यात जास्त घोटे तिथंच मुरगळतात.

मापं पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाईवाल्यानं ओलांडायची रेषा) ३.७५ मीटर, तिच्यामागे १ मीटरवर बोनसरेषा, दोन्ही बाजूंना १ मीटरची राखीव पट्टी. सरावाला ही मापं फितीनं मोजूनच आखा. पावलांनी मोजलेली बोनसरेषा वीतभर मागे-पुढे होते, आणि मॅटवरच्या चढाईवाल्याचा पाय बरोबर त्या मापाला बसलेला असतो. रेषांना कळीचा चुना वापरू नका, घामात, खरचटलेल्या कातडीत आणि डोळ्यांत तो भाजतो. पांढरी फक्की किंवा रांगोळी पुरते, दोन सामन्यांनंतर पुन्हा मारावी लागते एवढंच.

वऱ्हाडी_दम
हॅलोजनचं बी सांगा ना त्यायले. दिवा नेमका डाव्या कोपऱ्याच्या डोळ्यावर येत असन त पहिले आयोजकाले सांगून फिरवून घ्या, सामना चालू झाल्यावर कोणी आयकत नाही. सरावाले बी एखादा दिवा लावून रातीच खेळा. मॅटवाल्यायले इनडोअरच्या उजेडाची सवय असते, इकडं एका बाजूनं उजेड अन् दुसऱ्या बाजूनं सावली. समोरच्याचा पाय सावलीत दिसत नाही, अन् घोटा तिथंच हुकते.

पंच_वर्धा
आणि यादीतलं बारावं नाव डाव्या कोपऱ्याच्या बदलीचं ठेवा, गावचाच एखादा पोरगा. सगळे राखीव चढाईवाले ठेवून कोपरा जखमी झाला की मंडळं अडकतात. बाहेरचे तीन आधीच आत असतील तर अष्टपैलूही तिथं आणता येणार नाही.